इन्स्पेक्टरच्या पट्ट्यातली माया

खरं सांगा, माप द्यायला उभं राहिलात की तुम्ही पोट आत ओढता की नाही?

लाजू नका. सगळेच ओढतात. एकवीस वर्षं मी घरच्या पुढच्या खोलीत लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते आहे. या एकवीस वर्षांत कमरेभोवती टेप गेल्यावर जसा आहे तसा उभा राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. बायका श्वास रोखतात, पुरुष छाती फुगवतात, म्हातारे टाचा उचलतात (कमरेचा आणि टाचांचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक). म्हणून टेप लावला की मी एखादा प्रश्न विचारते. "मुलाचा निकाल लागला का हो?" किंवा "तुमचे साहेब बदलले म्हणे?" उत्तर द्यायचं तर श्वास सोडावाच लागतो. पोट आपल्या जागी येतं, मी टेपवर नख ठेवते आणि वर दोन बोटं माया सोडते. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस पुढेमागे सुटला तर उसवून तेवढं सैल करता येतं.

एवढी हुशारी माझ्याकडे आहे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही.

आमचे हे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात कारकून आहेत. नळाला पाणी नाही अशी तक्रार आली की ती वहीत उतरवायची आणि "नोंद घेतली आहे" असं सांगायचं, हे यांचं काम. (पाणी येतं की नाही, ते दुसऱ्या विभागाकडे.) कार्यालयाचं दरवर्षी एक नाटक होतं, त्यातही यांची कामगिरी एवढीच. बावीस वर्षं हे प्रॉम्प्टर. बावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालत आले. ती सवय घरीही जात नाही. वाक्य मी सुरू करते, पुरं हे करतात, आणि चुकीचं करतात.

यंदा रहस्यनाटक होतं. मुख्य काम इन्स्पेक्टरचं; ते नेहमीप्रमाणे स्टोअरकीपरांना मिळालं होतं. पण नाटक बसवणारे हेडक्लार्क म्हणाले, "मिशी काढा." स्टोअरकीपर म्हणाले, "मिशीबरोबर मीही निघतो." हेडक्लार्क म्हणाले, "निघा." आता इतक्या उशिरा नवं माणूस आणायचं कुठून? सगळ्या नाटकात सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस कार्यालयात एकच होता. त्याला मिशीही नव्हती. अशा रीतीने आमचे हे इन्स्पेक्टर झाले आणि स्टोअरकीपर मिशीसकट विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसले.

"या प्रयोगात चाललात तर पुढेही काम," हेडक्लार्कांनी यांना बजावलं. "नाही चाललात, तर स्टूल तुमचंच आहे."

मी यांना हसते, हा भाग वेगळा. पण दरवर्षी नाटक संपलं की बाकीचे लोक तोंडाचा रंग मुद्दाम अर्धवट पुसून घरी जायचे, आणि हे विंगेतली धूळ झटकत माझ्याबरोबर चालायचे, ते मी बावीस वेळा पाहिलं होतं. यंदा यांच्या तोंडाला रंग लागणार होता. महिनाभर हे आरशासमोरून हलले नाहीत. दात घासतानासुद्धा एक भुवई वर.

तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर कोट काढतो, असं नाटकात होतं. हेडक्लार्क म्हणाले, "कोट काढून काय, बनियन दाखवणार? खांद्याला होल्स्टर पाहिजे. लोकांना धडकी भरली पाहिजे."

आणि इथे आमच्या घरात म्युझियम शिरलं.

म्युझियम म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद आहे. त्यांच्या घरी बसायला गेलात तर खुर्चीवर "बसू नये" अशी चिठ्ठी असते. पाठीमागे आम्ही त्यांना म्युझियम म्हणतो. (नणंदही म्हणते. तीही त्यातच धरली जाते, हे तिच्या लक्षात आलेलं नाही.) त्यांनी मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वस्तू आणून आमच्या टेबलावर ठेवली आणि शस्त्रक्रिया करावी तसा तो तुकडा उलगडला. आत तपकिरी पट्ट्यांचा गुंता होता आणि त्याला एक कातडी खिसा लोंबत होता.

"शोल्डर होल्स्टर!" म्युझियम म्हणाले.

सासूबाईंना कानाने जरा कमी येतं. त्या बटाटे सोलत बसल्या होत्या. "हॉस्टेल? कोण चाललंय हॉस्टेलला?"

"हॉस्टेल नाही गं आई, होल्स्टर!" हे ओरडले.

"होल्डॉल होय! पण केवढासा हा! यात एक चादर मावायची नाही."

"आई, पिस्तुलाचं पाकीट आहे ते," मी म्हटलं.

"मग असं मराठीत सांगावं. आणि पिस्तूल कुठंय?"

"ऑफिसचा सुतार करतोय," हे म्हणाले.

सासूबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि या दोघांपेक्षा बटाटा बरा, असं ठरवून तो हातात घेतला.

"दीडशे वर्षांपूर्वीचं आहे," म्युझियम हलक्या आवाजात म्हणाले. "घोडदळातल्या एका अधिकाऱ्याचं. शिलाई पाहा वहिनी. हातशिलाई!"

मी पाहिली. इंचाला दहा टाके, सगळे एका लांबीचे, एका रेषेत. "भाऊजी, ही मशीनची टीप दिसते."

"वहिनी, त्या काळच्या कारागिरांचा हातच मशीनसारखा होता."

"आणि हे टिचबटण? दीडशे वर्षांपूर्वी टिचबटणं होती?"

"ते मागाहून लावलं असणार."

"बकल?"

"तेही मागाहून."

"मग दीडशे वर्षांचं यात काय आहे?"

म्युझियमनी जरा विचार केला. "एकंदर," ते म्हणाले.

जाताना त्यांनी दारात वळून दोन सूचना दिल्या. एक, "वस्तूला नवीन भोक एकसुद्धा पडता कामा नये. भोक पडलं की शान गेली." आणि दुसरी यांना, "घालायचं कसं लक्षात ठेवा. पट्टा पाठीवर आठासारखा आला पाहिजे."

यांना तक्रार विभागाची सवय. लगेच डायरीत लिहिलं: 'होल्स्टर ८ सारखे घालणे.'

त्यानंतरचा पाऊण तास आमच्या घरात जे चाललं होतं ते परक्याने खिडकीतून पाहिलं असतं तर शेजाऱ्यांना बोलावलं असतं. आता मराठी आठ म्हणजे काय, वर जुळलेला आणि खाली उघडा. म्हणून यांनी पट्ट्याचा मधला भाग मानेवर ठेवला आणि दोन्ही टोकं पुढे सोडली. गळ्यात स्टेथोस्कोप विसरलेल्या डॉक्टरसारखे दिसायला लागले. खिसा बरोबर पोटावर.

"पाठीवर आला पाहिजे म्हणाले ना?" मी म्हटलं.

यांनी सगळं फिरवलं. आता खिसा पाठीवर.

"पिस्तूल काढणार कसं?"

"खुन्याला सांगीन, जरा काढून दे."

मी डायरी हातात घेतली आणि त्या ८ कडे बघत बसले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो! भाऊजी इंग्रजी शाळेत शिकलेत. त्यांचा आठ दोन्हीकडून बंद असतो!"

इंग्रजी आठ आडवा पाडून पाठीवर ठेवला आणि त्याच्या दोन भोकांतून यांचे दोन हात घातले, तेव्हा कुठे खिसा डाव्या काखेच्या बाजूला आला. काखेच्या खाली म्हणायला हवं. बराच खाली. बकल शेवटच्या भोकापर्यंत ओढलं तरी तो कमरेशी लोंबत होता. घोडदळातला तो अधिकारी आमच्या कपाटाएवढा असावा. हे पोटाने भरले असले तरी खांद्याने अगदीच हँगर आहेत.

"आणखी एक भोक पाडलं तर?" हे म्हणाले.

"भोक पाडायचं नाही म्हणालेत ना ते."

"मग कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याला विचारू या. चामड्याचं काम त्याचंच."

इथे मी गप्प बसले असते तर ही गोष्ट झाली नसती.

"बॅगवाला!" मी म्हटलं. "तो शाळेच्या दप्तराला बंद लावणारा माणूस. समोर मशीन आहे, घरात मी आहे, आणि तुम्ही माप द्यायला रस्त्यावर जाऊन उभे राहणार? चामडं म्हणजे काय हो शेवटी? जाड कापड."

(हे वाक्य सासूबाईंना मात्र पहिल्या फटक्यात स्पष्ट ऐकू आलं. नंतर त्या ते सगळ्यांना म्हणून दाखवत होत्या.)

माप घ्यायला यांना खिडकीशी उभं केलं. पण यांच्या अंगात इन्स्पेक्टर. टेप छातीभोवती नेला की यांचा हात वर, "खुनी याच खोलीत आहे!" की टेप खाली. पुन्हा नेला की दुसरा हात, "कुणीही जागचं हलायचं नाही!" आणि स्वतःच हलायचे. चौथ्या वेळी टेप निसटला तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आता एक शब्द जरी तोंडातून काढलात तर टेप गळ्याभोवती आवळीन."

हे एकदम गप्प. ताठ. मी टेपवर नख ठेवलं आणि आकडा लिहून घेतला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. एकवीस वर्षं ज्या बाईने परक्या गिऱ्हाइकांना प्रश्न विचारून विचारून बोलतं केलं, तिने स्वतःच्या नवऱ्याला मात्र दम देऊन गप्प केलं. आणि गप्प बसायला सांगितलेला माणूस श्वास घेत उभा राहत नाही.

हिशेबाने पट्टा सहा इंच जास्त होता. भोक पाडायचं नाही असं म्युझियम म्हणाले होते. कापायचं नाही असं म्हणाले नव्हते. मी शब्दाला जागणारी बाई आहे. पत्रा कापायची कात्री घेतली आणि पाठीवरच्या पट्ट्याचा मधला सहा इंचांचा तुकडा काढला.

पट्टा दुहेरी होता, आतून पोकळ. तुकडा हातात आल्यावर त्याच्या दोन थरांमधून काहीतरी निळं दिसलं. कड उसवून पाहिली. आतल्या बाजूला शाईचा गोल शिक्का होता. चष्मा लावून वाचला: 'नाट्यसामान भांडार. नग १७. प्रयोग संपताच परत करणे.'

मी मशीनवर डोकं टेकून इतकी हसले की सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "सूनबाई, रडायला काय झालं?"

घोडदळ म्हणे! घोडा असला तर तोही पुठ्ठ्याचा असणार. पण यांना सांगितलं नाही. यांच्या तोंडात गोष्ट राहत नाही (बावीस वर्षं दुसऱ्याला सांगण्याचंच काम केलंय), आणि म्युझियम दुखावले गेले असते. तशी मी मऊ मनाची आहे. फक्त नणंदेला हळूच दाखवावा म्हणून तो तुकडा पर्समध्ये टाकला.

मग शिवायला बसले. पहिल्याच टाक्याला मशीनची सुई मोडली. दुसरी मोडली. तिसरी मोडून पंख्यापर्यंत उडाली. मग हातात दाभण घेतला, जाड दोऱ्याला मेण लावलं आणि एकेक टाका दोनदा ओढून घातला. चाळीस टाके, दोन्ही टोकांना मिळून ऐंशी भोकं. (शिवताना पडतात ती भोकं मी भोकांत धरत नाही.) आत दुमडायला चामडं काही वळेना, म्हणून माया तेवढी कापून टाकली. पट्ट्याला लवचिकपणा असतोच, असं मी स्वतःला सांगितलं. कुठे असतो, ते स्वतःला विचारलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी काम पुरं झालं. बकल जुन्या भोकात लावलं, यांनी आरशासमोर उभं राहून छाती काढली, पोट आत घेतलं, भुवई वर केली.

"अगं, अंगावर ओतल्यासारखं बसलंय!"

"श्वास घेता येतोय ना?"

"इन्स्पेक्टर आहे मी," हे ओठ न हलवता म्हणाले. "तो घ्यायचा असतो गुन्हेगाराने."

अर्ध्या मिनिटात काढून ठेवलं. खुशीत ऑफिसला गेले.

संध्याकाळी हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मधोमध कार्यालयाचे मोठे साहेब, दुसऱ्या रांगेत मी, सासूबाई, नणंद आणि तिच्या पलीकडे म्युझियम. इन्स्पेक्टर येतो तिसऱ्या अंकात, म्हणून यांनी इंटरव्हलमध्ये सगळ्यांबरोबर चहा घेतला, सगळ्यांची बिस्किटं खाल्ली आणि मग ते होल्स्टर चढवलं. वर कोट.

पडदा उघडला. हे आले. खरं सांगते, पाठीचा कणा असा ताठ, चाल अशी जड, की माझाच ऊर भरून आला. (ताठ का होते ते नंतर कळलं.) मधोमध उभे राहिले आणि यांनी कोट काढला.

टाळ्या पडल्या! म्युझियम शेजारच्या माणसाला म्हणाले, "ते होल्स्टर माझं आहे. घोडदळातलं."

आता इन्स्पेक्टरचं मोठं भाषण. यात खून कोणी केला, कसा केला, दिवाणखान्यातलं घड्याळ मागे कोणी नेलं, सगळं सव्वा पान होतं.

"खुनी," हे म्हणाले. थांबले. "याच." थांबले. "खोलीत."

लोकांना वाटलं, काय हा ठहराव! सासूबाई म्हणाल्या, "आवाज बसला का याचा?"

"आहे!" विंगेतून स्टोअरकीपर कुजबुजले. त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

"माहीत... आहे... मला," हे विंगेकडे बघून म्हणाले.

"'आणि त्याचं नाव मला माहीत आहे,' असं आहे ते," विंगेतून आलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. मी यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कपाळापर्यंत लाल झाला होता, आता जांभळ्याकडे चालला होता. दर दोन शब्दांनी हे तोंड उघडत, आत काही जात नसे, आणि तोंड मिटत. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले. हेडक्लार्क पलीकडच्या विंगेत दोन्ही हातांनी केस धरून उभे होते. मला ते बावीस वर्षांचं स्टूल दिसायला लागलं.

यांनी भाषण सोडलं आणि थेट शेवटच्या वाक्यावर आले. "हात... वर!"

खुन्याचं काम कॅशियरांकडे होतं. त्यांनी इमानदारीत दोन्ही हात वर केले. यांनी उजवा हात काखेत नेला आणि पिस्तूल ओढलं. पिस्तूल येईना. काख इतकी आवळली गेली होती की तो कातडी खिसा लिंबाच्या फोडीसारखा चेपला होता. पुन्हा ओढलं. पिस्तुलाऐवजी हे स्वतःच डावीकडे फिरले. तिसऱ्यांदा ओढताना पूर्ण गिरकी झाली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आले तेव्हा यांचे डोळे मला शोधत होते.

"साहेब, सावकाश," कॅशियर हात वर ठेवूनच म्हणाले. "मी थांबतो."

"वहिनी," पलीकडून म्युझियम म्हणाले, "त्यांना सांगा, ओढू नका म्हणावं. दीडशे वर्षं..."

मी उठले. पायऱ्या चढून स्टेजवर गेले. माझ्या पर्समध्ये चष्मा आणि टाके उसवायचं टोकदार पातं नेहमी असतं. बकल सोडायला गेले, तर ते मांसात रुतून बसलं होतं. आता एकच मार्ग. यांच्या पाठीमागे उभी राहिले, चष्मा लावला आणि सकाळी घातलेले माझेच टाके उसवायला घेतले.

माझ्या टाक्यांचा मला फार अभिमान आहे. माझा टाका सुटत नाही. त्या दिवशीही सुटत नव्हता. मेण लावलेला दोरा, त्यावर दोनदा ओढलेला. एक उसवला. दुसरा उसवला. पहिल्या रांगेतून कुणीतरी मोजायला लागलं, आणि मग सगळा हॉल मोजायला लागला. "सात! आठ! नऊ!"

"बाई," बाराव्या टाक्याला कॅशियर म्हणाले, "हात दुखतात हो. मी पळून जाऊ का?"

"थांबा हो जरा! दिसतंय ना काम चाललंय!"

"असं नाहीये पुस्तकात!" विंगेतून स्टोअरकीपर ओरडले.

एकविसाव्या टाक्याला पुढचं काही करावं लागलं नाही. उरलेला जोड यांच्या पोटानेच उडवला. फट्‌ असा आवाज झाला, पट्टा दोन्हीकडे सुटला, खिशाने पिस्तूल थुंकलं आणि ते सरळ जाऊन कॅशियरांच्या कपाळावर बसलं. कॅशियर हात वर ठेवून आडवे झाले. आणि आमच्या यांनी असा श्वास आत घेतला की मागचा पडदा हलला म्हणतात. त्या एका श्वासात सव्वा पानाचं भाषण, स्वल्पविरामसुद्धा न घेता, खाली पडलेल्या खुन्यावर ओतलं. घड्याळासकट.

एवढ्या टाळ्या आमच्या कार्यालयाच्या नाटकाला कधी पडल्या नव्हत्या. मोठे साहेब उभे राहिले. त्यांनी हेडक्लार्कांना विचारलं, "ती चष्मेवाली कोण? खुन्याची आई का?"

पडदा पडल्यावर म्युझियम स्टेजवर धावत आले. सुटलेली दोन टोकं त्यांनी माझ्यापुढे नाचवली. "वहिनी, हे कापलंय! दीडशे वर्षं घोडदळात टिकलं आणि तुमच्या घरात एक आठवडा टिकलं नाही! माणसाला वस्तू ओळखता येत नसेल तर हात लावू नये!"

हात लावल्याचं मी ऐकून घेतलं असतं. ओळखता येत नाही, हे मला लागलं. मी पर्स उघडली आणि तो सहा इंचांचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी वाचला. मागून नणंदेने मोठ्याने वाचला. "'नग सतरा. प्रयोग संपताच परत करणे.' अहो, म्हणजे आता परत करायला हवं का हे?"

म्युझियमनी तुकडा खिशात ठेवायला घेतला, मग मखमलीत ठेवायला घेतला, मग माझ्या हातात परत दिला. "तरीसुद्धा," ते म्हणाले, "जुनं आहे."

"एकंदर," मी म्हटलं.

तेवढ्यात हेडक्लार्क आले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून यांनी डोळे मिटले. ते म्हणाले, "साहेब म्हणतात, पुढच्या शनिवारी पुन्हा प्रयोग लावा. वरचे साहेब येणार आहेत. इन्स्पेक्टर हेच. बाईंचा प्रवेशसुद्धा तसाच. फक्त होल्स्टर नीट करून आणा, आणि ते कसं सुटायला पाहिजे हे ज्याला कळतं त्याच्याकडून करून आणा."

हे घरी येताना तोंडाचा रंग न पुसता चालले होते. गल्लीतल्या प्रत्येक दिव्याखाली थांबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी होल्स्टर, तुकडा आणि नवरा असं सगळं घेऊन मी कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडे गेले. त्याने पट्टा उलटा-सुलटा केला.

"ताई, एक भोक पाडलं असतं तर काम झालं असतं."

"मालकांचं म्हणणं होतं की भोक पाडायचं नाही."

"असं होय," तो म्हणाला आणि माझी भोकं मोजू लागला. ऐंशीपर्यंत मोजून तो थांबला. "चामड्यात माया नसते, ताई. ती आधीच ठेवावी लागते." मग उठला, टेप काढला, यांना रस्त्यावरच्या उजेडात उभं केलं आणि छातीभोवती टेप नेला. यांनी पोट आत ओढलं.

"साहेब," बॅगवाल्याने सहज विचारलं, "ताई शिवण कुठे शिकल्या हो?"

यांनी मोठा सुस्कारा सोडला. बॅगवाल्याने टेपवर नख ठेवलं.